पुलापाशी आठ मिनिटं

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.५०
आजपासून रोजनिशी. आगारातून मिळालेली मागच्या वर्षीची कोरी डायरी वाया जाऊ नये म्हणून. कोणी वाचायची नाही. बायकोने तर नाहीच नाही.
विषय एकच: पोट. आज चौथा दिवस. काही नाही.
एकशे बारा बसगाड्यांचं वेळापत्रक मी एकटा तयार करतो. तेवीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या मिनिटाला कुठल्या चौकात असेल हे मी झोपेत सांगेन. आणि माझ्याच आतली एक फेरी चार दिवस सुटत नाही, हे चालायचं नाही.
निश्चय: महिन्याभरात रोज सकाळी ६.१० ला फेरी. मिनिटाचा फरक नाही.
सासरेबुवा (पंधरा दिवसांसाठी आले, सातवा महिना चालू आहे) आज ६.१० ला आत गेले, ६.१४ ला बाहेर. शीळ वाजवत. वय एकोणऐंशी. शीळ वाजवायची गरज नव्हती.

४ मार्च, मंगळवार
बायकोने डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या. काय खाता, कधी खाता, पाणी किती, बसून काम किती, सगळं विचारलं. मी थोडं गोल गोल सांगितलं. त्या म्हणाल्या, भाज्या-फळं वाढवा पण हळूहळू, पाणी भरपूर प्या, अर्धा तास चाला, नाश्त्यानंतर रोज दहा मिनिटं निवांत बसा, पायाखाली छोटं स्टूल घ्या, फोन आत नेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणे, लागली की लगेच जा, दाबून ठेवू नका.
एकूण सूर असा, की मी बरोबर मार्गावर आहे.
फक्त शेवटचा मुद्दा पटला नाही. लागली की जा म्हणजे प्रवासी दिसला की थांब. अशाने गाड्या चालतात का? बाईंना शेड्यूलिंगचा अनुभव नाही. शिकतील.

५ मार्च, बुधवार
महत्त्वाचा दिवस. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, जुनं स्टेशन ते बंदर अशी नवी एक्स्प्रेस सुरू होणार. पहिली गाडी ३१ तारखेला सकाळी साडेआठला. पाहुणे, फुलं, फोटो. मोठे साहेब पुढच्या सीटवर आणि शेजारी मी! पण अट एक, दोन तासांच्या आत पोचायचं. आकडाच असा हवा म्हणाले, की लोकांनी स्वतःची गाडी घरी ठेवली पाहिजे.
माझा पहिला हिशोब २ तास ५ मिनिटं. मग लक्षात आलं, या रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांसारखा यातही पुलापाशी आठ मिनिटांचा थांबा धरलाय. प्रवासी चढत नाहीत, उतरत नाहीत. एक चहाचं दुकान आणि एक स्वच्छतागृह. ड्रायव्हर-कंडक्टर उतरतात, परत चढतात. आठ मिनिटं!
थांबा काढला. १ तास ५७. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. पोटात जरा हललं, पण तेवढंच.

६ मार्च, गुरुवार
भोंगा आला होता. आगारातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, युनियनचा माणूस. हळू बोलतो तेव्हाही तीन खोल्यांना ऐकू जातं, म्हणून हे नाव. म्हणाला, साहेब, पुलाचा थांबा काढलात? माणसं आहेत हो आम्ही. अर्धे ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचे, बायका कंडक्टर आहेत, दोन तास कुठे जायचं?
मी शांतपणे समजावलं की शरीर सवयीचं गुलाम असतं. शिस्त लावली की लागते. मी स्वतः चार-चार दिवस... इथे थांबलो. विषय तिकिटांच्या रंगाकडे वळवला.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.४५
संडासाच्या दारावर वेळापत्रक लावलं. दोन रंगांत, टाइप करून. सासरेबुवा ५.४० ते ५.५०. बायको ५.५० ते ६.०५ (तिला सातला शाळेत गणित शिकवायला जायचं असतं). पाच मिनिटं राखीव. मी ६.१० ते ६.४०.
सासरेबुवा ६.०९ ला आत शिरले. दारावरचा कागद वाचून, चष्मा पुसून, परत वाचून शिरले. ६.१३ ला बाहेर आल्यावर म्हणाले, छान केलाय कागद, जावईबापू.
मी तीस मिनिटं बसलो. फेरी रद्द.
बायकोने कागदाखाली पेनने लिहिलंय, ‘पाहुणे आल्यास?’

९ मार्च, रविवार
हळूहळू वाढवणं माझ्या स्वभावात नाही. आजच पूर्ण क्षमतेने सुरुवात. मोठा वाडगा ओट्स, अर्धी पपई, दोन पेरू, कच्च्या गाजरांचा ढीग, वर इसबगोल चार चमचे. बायको म्हणाली, एवढ्यावर पाणी तरी प्या. म्हटलं, उद्यापासून.
खरं म्हणजे पाण्याचीच अडचण आहे. ऑफिसात आमच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह दुरुस्तीसाठी बंद. खालच्या मजल्यावरचं ड्रायव्हर लोकांचं. तिथे रांगेत भोंग्याच्या मागे उभं राहायचं, हे वेळापत्रक प्रमुखाला शोभत नाही. म्हणून गेली दोन वर्षं मी ऑफिसात पाणी पीत नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा, संध्याकाळी घरी आल्यावर काय ते. बघा, शिस्त लावली की लागते.

१० मार्च, सोमवार
पोट टम्म फुगलंय. वरून वाजवलं तर वाजतं.
साप्ताहिक बैठकीत एक आवाज झाला. मोठे साहेब बोलत असताना. मी ताबडतोब खुर्चीकडे रागाने पाहिलं आणि तिचा स्क्रू तपासला. बैठक संपल्यावर खुर्ची बदलून मिळण्याचा लेखी अर्ज दिला. म्हणजे रेकॉर्डवर राहील.

११ मार्च, मंगळवार
नवी खुर्ची आली. तीसुद्धा तसलीच निघाली.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १२
मोठा विजय. सकाळी १०.४० ला अचानक लागली. चांगली, ठसठशीत. पण खालचा मजला, ड्रायव्हर लोकांची शिफ्ट बदलायची वेळ, रांग. शिवाय १०.४० माझ्या वेळापत्रकातच नाही. नाकारली. पाय आवळून, दात आवळून पंधरा मिनिटं काढली. १०.५५ ला गेली. पूर्ण गेली, मागमूस नाही.
यंत्रणा शिकते आहे. उद्या ६.१० ला येईल.

१३ मार्च, गुरुवार
नाही आली.

१४ मार्च, शुक्रवार
व्यायाम सुरू. चालायचे बूट घेतले, उशीचे तळवे असलेले. अर्ध्या तासाचा मार्ग आखला: घर, बाग, पोस्ट, बेकरी, घर. आज प्रत्यक्षात घर, बेकरी, घर एवढंच केलं, पहिलाच दिवस म्हणून. बेकरीत दोन तुकडे केक. मनुका होत्या, त्यामुळे फायबरमध्ये धरला.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ७.२०
आठवड्याचा आढावा: ठरलेल्या फेऱ्या सात. सुटलेली एक, तीही अर्धी, शनिवारी, फार कष्टाने. घरच्यांसमोर मी ‘समाधानकारक’ म्हणालो.
आज फोन आत नेला होता. फक्त वेळ बघायला. मग बातम्या, मग बुद्धिबळाचे दोन डाव. पन्नास मिनिटं. बायकोने दार ठोकून विचारलं, आहात ना? उठलो तर डावा पाय जागेवरच नव्हता. लंगडत बाहेर आलो. तिचा शाळेचा पहिला तास बुडाला. तिने दारावरचा कागद फाडून नेला. मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांना गणितं घालणार म्हणे.

१८ मार्च, मंगळवार
पायाखालचं स्टूल आत नेलं. ते सासरेबुवांचं बूट घालायचं स्टूल निघालं. सकाळभर शोधत होते. मी आतूनच ऐकत होतो. बाहेर येऊन म्हणालो, सापडेल कुठेतरी.

१९ मार्च, बुधवार
मन मोठं करून सासरेबुवांना विचारलं, तुमचं गुपित काय? ते जरा चकित झाले. असं कोणी विचारलं नव्हतं म्हणाले. मग सांगितलं: उठतो, दोन ग्लास कोमट पाणी पितो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, पोरगी वाढते ते खातो, आणि आली की जातो. कसला विचार करायचा त्यात?
बारकाईने लिहून घेतलं. त्यांच्यात प्रतिभा आहे, पण पद्धत नाही. यातून इतरांना शिकण्यासारखं काही नाही.

२२ मार्च, शनिवार
भोंग्याने अर्ज आणून टेबलावर ठेवला. एक्केचाळीस सह्या. पुलाचा थांबा परत द्या. मी आवक नोंद करून घेतली.
दुपारी एक कंडक्टर बाई एकट्याच आल्या. नव्या एक्स्प्रेसवर त्यांचीच ड्युटी लागली आहे. सडपातळ, तीस-बत्तीसच्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाल्या, साहेब, मी पहाटे पाचपासून पाणी पीत नाही. ड्युटी संपेपर्यंत. मागच्या वर्षी दोनदा जळजळ होऊन ताप आला. पुलापाशी तेवढं एकदा जाता यायचं.
मी म्हणालो, लेखी द्या. त्या म्हणाल्या, हे कसं लेखी देऊ?
आणि गेल्या.
वाईट वाटलं. बराच वेळ वाटत राहिलं. मग वाटलं, दुपारी केळं जास्त झालं असेल. पण आठ मिनिटं म्हणजे २ तास ५, आणि मोठ्या साहेबांना आकडा हवा. एकदा छापलेलं वेळापत्रक कोणाच्या पोटासाठी बदलत नाही.

२६ मार्च, बुधवार
बायकोने पुन्हा डॉक्टरकडे नेलं. म्हणजे हाताला धरून. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. विचारलं, पाणी? बायकोने माझ्या आधी उत्तर दिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एवढं फायबर कोरडं ढकलताय, आत त्याचं सिमेंट होतंय. पाणी प्या, लागली की उठा, बाकी काही नको. आणि पातळ औषध दिलं. एकच चमचा, दहा-बारा तासांनी काम करतं, जास्त घेऊ नका.
बाटली कपाटात ठेवली. कुबड्या कशाला? माझी यंत्रणा वळणावर येतच होती.
घरी येताना बायको म्हणाली, अहो, तुम्ही गाड्यांचं सोडा, माणसांचंही वेळापत्रक करता, ते जमत नाही म्हणून चिडता. मी म्हणालो, चिडत नाही. जरा मोठ्याने म्हणालो असेन. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ६
सहा दिवस. काही नाही. उद्या साडेआठला एक्स्प्रेस.
आता कुबडी घ्यायलाच हवी. पण हिशोबाने. आत्ता घेतलं की बारा तासांनी, म्हणजे सकाळी ६.१० ला बरोबर फेरी. गाडी सुटेपर्यंत दोन तास वीस मिनिटं राखीव. मागे एवढी थकबाकी असताना एक चमचा काय पुरणार? तीन घेतले. वर बायकोने भिजवलेले सुके आलुबुखार, सगळे. आणि आयुष्यात पहिल्यांदा दीड लिटर पाणी.
दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालेल, इतकं हे शेड्यूल सैल ठेवलंय. यालाच अनुभव म्हणतात.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ६.५०
फेरी रद्द.
सासरेबुवा ६.४१ ला आत. ६.४५ ला शीळ.

सकाळी ७.५५
काही नाही. औषध बनावट असावं. निघतो. नवा कोट. बटण लागत नाही, उघडाच ठेवतो.

सकाळी ८.३०, गाडीत
सुटली! मिनिटाला मिनिट. पुढची सीट, खिडकीशी मोठे साहेब, शेजारी मी. मागे पाहुणे, पत्रकार, झेंडूचे हार. ड्रायव्हर भोंगा. कंडक्टर त्याच बाई. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. पोट शांत. डायरी मांडीवर ठेवून वेळा टिपतोय, मोठे साहेब कौतुकाने बघतायत.

८.५५
टोलनाका. एक मिनिट आधी. आत कुठेतरी गुरगुर. इंजिनची असेल.

९.०४
इंजिनची नाही.

९.०९
नाकारली. पाय आवळून. जमतंय.

९.१३
परत आली. बारा तास म्हणजे पंधरा तास असतात हे बाटलीवर लिहायला काय झालं होतं? मोठे साहेब पुढच्या वर्षीच्या मार्गांविषयी विचारतायत. मी हो म्हणतोय. कशाला हो म्हणतोय ते

९.१७
नाकारता येत नाही

९.१९ पूल दिसत

संध्याकाळी ५.३०, घरी
शांतपणे लिहितो.
पूल दिसला तेव्हा मी उठून ड्रायव्हरपाशी गेलो. म्हणजे उभा राहू शकत होतो त्या पद्धतीने गेलो. कानाशी वाकून म्हणालो, जरा थांबवा. भोंग्याने आरशात पाहिलं. मग त्याच्या हळू आवाजात, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाला, साहेब, थांबा नाही हो वेळापत्रकात.

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. पाया पडतो म्हणालो असं तो पुढे सगळ्यांना सांगत होता. एवढं आठवतं, की त्याने एका क्षणात गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि मी उतरायच्या आधी म्हणाला, सावकाश, पायरी उंच आहे. मी धावलो. नवा कोट, उघडं बटण, मागे पत्रकार. स्वच्छतागृहाचं दार उघडं होतं. पाणी होतं. मला रडू आलं. खरंच आलं. त्या सहा दिवसांत मी कोणाजवळ बोललो नव्हतो की मला भीती वाटते.
फेरी पूर्ण. अकरा मिनिटं.
बाहेर आलो तर दारात रांग. पहिले मोठे साहेब. मागे पाहुणे, पत्रकार, गळ्यात हार घातलेले दोघं. मोठे साहेब माझ्याकडे न बघता आत शिरले. आतून मोठा सुस्कारा आला. शुगरची गोळी घेतात म्हणे, टोलनाक्यापासून धरून बसले होते.
पलीकडच्या दारातून कंडक्टर बाई आल्या. चहाच्या दुकानातून पाण्याची बाटली घेतली आणि तिथेच उभ्या राहून सगळी प्यायल्या. एका दमात. मी बघत राहिलो. म्हणालो, लेखी द्यायची गरज नाही.
त्यांनी मान डोलावली आणि शिट्टी वाजवली.
बंदरला २ तास २० मिनिटांनी पोचलो.

१ एप्रिल, मंगळवार
पुलाचा थांबा परत छापला. आठ मिनिटं. मोठ्या साहेबांच्या टिपणीत ‘वेळापत्रक प्रमुखांनी प्रत्यक्ष पाहणी करून’ असे शब्द आहेत. ते बरोबरच आहेत.
फेरीच्या कागदावर ‘विलंबाचं कारण’ असा रकाना असतो, तो कंडक्टर भरतो. सकाळपासून तो कागद यायची वाट बघत बसलो होतो, घाम फुटला होता. आला. बाईंनी लिहिलंय, ‘थांबणं गरजेचं होतं.’ कोणाला, ते लिहिलं नाही.
१०.४० ला लागली. विचार न करता उठलो, खालच्या मजल्यावर गेलो. नऊ ड्रायव्हर रांगेत. मी शेवटी उभा राहिलो. भोंग्याने पाहिलं आणि ओरडला, सरका रे, साहेबांना आधी जाऊ द्या! रांग दुभंगली. मी नको नको म्हणत होतो. कोणी ऐकेना. नऊ माणसं भिंतीला लागून उभी, आणि मी मधून.
आदर वाढलाय, असं म्हणायला हरकत नाही.

९ एप्रिल, बुधवार
टेबलावर पाण्याची बाटली आहे. चालायला बागेपर्यंत जातो, बेकरीच्या विरुद्ध बाजूने. फेऱ्या बऱ्यापैकी सुटतात, कधी ७.२०, कधी १०.४०, एकदा तर दुपारी. वेळापत्रक म्हणाल तर नाही. नोंद ठेवणं तूर्त थांबवावं म्हणतो.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी ३
शेवटची नोंद.
सासरेबुवा सकाळी हौसेने नव्या एक्स्प्रेसने बंदरपर्यंत जाऊन आले. जेवताना सांगत होते. गाडी झकास, सीट मऊ. पुलापाशी गाडी थांबली, आणि ती कंडक्टर पोरगी दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, चला, साहेबांचा थांबा, आठ मिनिटं! सगळी गाडी हसली. रोजचे प्रवासी तर तिच्या आधीच ओरडले म्हणे. सासरेबुवाही उतरले, गरज नव्हती तरी जाऊन आले, चार मिनिटांत. ड्रायव्हर मोठा गमत्या माणूस आहे, खणखणीत आवाज.
खात्यात तेवीस वर्षं झाली. एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाने थांबा मी तरी आजवर पाहिला नव्हता. असं मनात म्हणतच होतो, तेवढ्यात त्यांनी घास हातात धरून विचारलं, पण कोणत्या साहेबांचा हो, जावईबापू? तुमच्याच ऑफिसातले असतील ना?
बायको ताटाकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.
मी दोन ग्लास पाणी प्यायलो.